मुखपृष्ठावर काळी मारबत असलेली ती नागपुरी थरारकादंबरी : कोणी वाचली? कशी वाटली?

धरमपेठकर

सध्या नागपूरच्या एकेका व्हॉट्सॲप गटावर हिचं मुखपृष्ठ फिरतंय. काळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मिरवून जाळतात तो मोठा पुतळा), मागे धूर, खाली लाल अक्षरं. लेखकाने स्वतःच्या पैशाने छापली आहे, प्रकाशक नाही. दुकानात फारशी दिसत नाही, प्रती हातोहातच चालल्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही. उद्या कोणी पुस्तक शोधायला गेलं तर आपला धागाच आधी वर यायचा, आणि इथली भाषा कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

न वाचलेल्यांसाठी गोषवारा, खुनी न सांगता. १५ सप्टेंबर २०२३, मारबतीचा दिवस. मिरवणूक संपते, बडगे म्हणजे मारबतीसोबतचे पुतळे पेटवतात आणि एका बडग्याच्या गवता-कागदातून माणसाचा हात बाहेर येतो. मयत इसम बेसा-बेलतरोडीकडे ले-आउट पाडणारा, एकच प्लॉट दोघातिघांना विकणारा. म्हणजे त्याच्या वाईटावर असलेल्यांची यादीच वहीभर. तपास एका पीआय (पोलीस निरीक्षक) बाईंकडे येतो. आठ दिवसांनी २३ तारखेच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडतो, नाग नदी वस्तीत शिरते आणि मयताचं तळमजल्यावरचं ऑफिस सगळ्या फायलींसकट पाण्यात जातं. पुढे तपास कशाच्या जोरावर होतो ते वाचा.

माझं मत : पहिली शंभर पानं खाली ठेववत नाहीत. मग लेखकाला आपण केलेला सगळा अभ्यास दाखवायची घाई होते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, भोसल्यांच्या राणी बाकाबाईची लोककथा, भोसले, इंग्रज... चार पानं नुसता इतिहासाचा तास. तिकडे प्रेत ताटकळलंय. शेवट गुंडाळलाय. शुद्धलेखनाबद्दल बोलायची सोय नाही. पण पुराचं प्रकरण असं उतरलंय की तेवढ्यासाठी मी पुस्तक कपाटात ठेवणार.

तर्री_जास्त

काका, मी एका बैठकीत संपवली. रात्री सुरू केली न् दूधवाला आला तवा मिटली. शुद्धलेखन पाहाले मी कादंबरी घेत नाही. आपल्या गावात खून होऊन राहिला, आपल्या गल्लीतून आरोपी पळून राहिला, बर्डीवर पोलिसाची गाडी ट्राफिकमधी फसून राहिली, हे मले आधी कुठं वाचाले भेटलं? रहस्यकथेत बॉडी सापडाची त मुंबईच्या चौपाटीवर नाहीतर पुण्याच्या वाड्यात. आपल्याकडे काय फक्त संत्रे सापडतेत का?

पाचपैकी पाच.

रामदासपेठ_रिटायर्ड

पाचपैकी पाच देणाऱ्यांचा उत्साह समजतो, परंतु पुस्तक आपल्या गावचं आहे म्हणून गुण वाढवून देणं हे परीक्षकाला शोभत नाही. मी अडीच देईन. या लेखकाकडे प्रसंग रचण्याची ताकद आहे, वाक्य रचण्याची नाही. एकाच परिच्छेदात पीआय बाई खुर्चीवर बसतात, आणि चार ओळींनी पुन्हा बसतात. मध्ये उठल्याचा पुरावा नाही.

संपादकाने हे पहिल्या वाचनात पकडलं असतं. स्वतः छापणं यात काही कमीपणा नाही, पण स्वतःच संपादक होणं हा वेगळा प्रकार.

बडग्यावाला

लहानपणापासून बडगे बांधतो म्हणून लिहितो. बांबूचा सांगाडा, त्यात गवत, फाटके कपडे, वरून कागद, गळ्यात पाटी. ज्याच्यावर राग त्याची पाटी. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, जे असेल ते. आमचा बडग्या चार पोरं उचलून नाचवायचे. त्यात साठ-सत्तर किलोचा माणूस कोंबला तर बांबू पहिल्याच चौकात बसेल, आणि नाचवणाऱ्या पोराला कळणार नाही होय? सकाळपासून उन्हात, गर्दीत, अंगाला अंग लागून. वासच येईल.

बाकी वातावरण मस्त पकडलंय. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ची आरोळी, ढोल, गच्चीवर लटकलेली माणसं, खाली पायाला पाय नाही. हा लेखक गर्दीत घुसून आलेला आहे, टीव्हीवर पाहून लिहीत नाही.

तर्री_जास्त

भाऊ, पुस्तकात बडग्या ठेल्यावर हाये. खांद्यावर नाही. नीट वाचा ना.

बडग्यावाला

ठेल्यावर असला तरी पेटवायला उतरवतातच ना. तेव्हा उचलणाऱ्याला वजन लागणार नाही?

चांद्रसेन

मला वजनाचं काही वाटलं नाही, मी चंद्रावर अडकलो. त्या रात्री पीआय बाई जळालेल्या बडग्याजवळ उभ्या राहून "पिठूर चांदण्यात" राख बघतात. मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोळा अमावास्येला. म्हणजे मारबतीच्या रात्री भाद्रपद प्रतिपदा. कुठलं चांदणं? असलाच तर केसाएवढा चंद्र, तोही सूर्यामागोमाग बुडणारा.

गंमत म्हणजे याच अंधाराचा लेखकाला फायदा करून घेता आला असता. खुनी निसटला तो अंधार होता म्हणून. फुकट मिळालेला अंधार घालवला.

डॉ_फावल्या_वेळात

वैद्यकीय भागाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेडिकल कॉलेजच्या शवागाराचं प्रकरण उत्तम. हवालदार म्हणतो, मयताचे हात मुठी आवळून वर आलेत, म्हणजे तो आगीत झगडला. डॉक्टर सांगतात की उष्णतेने स्नायू आखडतात, मेलेल्याचेही हात तसेच होतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. मग श्वासनलिका उघडतात. काजळी नाही. रक्तात कार्बन मोनॉक्साइड नाही. म्हणजे आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत नव्हता. खून आधीच, दुसरीकडे. हे अगदी बरोबर आहे आणि दीड पानात, एकही अवघड शब्द न वापरता सांगितलंय. आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावं असं.

पुढच्याच प्रकरणात सकाळी नमुना पाठवून संध्याकाळी डीएनएचा अहवाल हातात. तिथे मी पुस्तक पाच मिनिटं बंद ठेवलं. एवढ्या जपून लिहिणाऱ्या माणसाला इथे कोणी अडवलं कसं नाही?

गिट्टीखदान

कायद्याचं कोणीच बोलत नाही! आरोपीवर कलम ३०२ लावलंय. आता भारतीय न्याय संहिता आहे, खुनाला १०३. लेखकाला एवढंही माहीत नसेल तर पोलीसकथा लिहू नये.

काळा_कोट

गिट्टीखदान, लेखकाला माहीत आहे. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. कादंबरीतला खून सप्टेंबर २०२३ चा. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवसाचा कायदा लागतो, म्हणून ३०२ च बरोबर. आज खटला चालला तरी दोषारोप ३०२ चेच राहतील.

खरी चूक दुसरीकडे आहे. पीआय बाई इतवारीतल्या खुनाचा अहवाल "एसपी साहेबांना" देतात. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे. वर एसीपी, डीसीपी, आयुक्त. एसपी बसतात ते नागपूर ग्रामीणचे. दहा ठिकाणी एसपी आलाय. एखाद्या हवालदाराला चहा पाजून विचारलं असतं तरी कळलं असतं.

आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावरचा पाठलाग. किल्ला लष्कराच्या ताब्यात. आम जनतेला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सोडतात. इथे सप्टेंबरच्या रात्री आरोपी भिंत चढून आत जातो, पीआय बाई मागोमाग, आणि एक जवान हटकत नाही. १८१७ च्या लढाईतही इतक्या सहज कोणी आत गेलं नसेल.

गिट्टीखदान

तरी वाचकाला गोंधळ होतो ना. तळटीप द्यायची.

लग्नानंतर_नागपूर

मी मूळची पुण्याची, त्यामुळे नकाशाच्या चुका मला कळल्या नाहीत. मला प्रश्न पडले ते वेगळे. "आरएल", "पाचशे बहात्तर", "एकोणीसशे ले-आउट" हे शब्द पहिल्या पानापासून येतात आणि कुठेच उलगडत नाहीत. सगळा खून त्या आरएलभोवती फिरतो. शेवटी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आरएल म्हणजे आरएल."

भाषेबद्दलही बोलायचंय. पीआय बाई महाल भागातल्या, सात पिढ्या नागपूरच्या असं लिहिलंय, पण बोलतात माझ्या सदाशिव पेठेतल्या मावशीसारख्या. आणि हमाल, ठेलेवाला, सुपारी घेणारा मात्र "काऊन बे" करतात. म्हणजे चांगली माणसं प्रमाण भाषेत आणि बाकीची वऱ्हाडीत? मला बाहेरून येऊन खटकलं, तुम्हाला नाही खटकलं?

इतवारीची_लेक

ताई, खटकलं. फार खटकलं. माझे बाबा प्राचार्य होते आणि घरी "मी जेवून राहिलो" च म्हणायचे. इथला डीसीपीही रागावला की "बे" वरच येतो. आणि इतवारीतले व्यापारी आपसात हिंदी, मारवाडी बोलतात, ते पुस्तकात साजूक मराठीत हिशेब करतात. लेखक इथलाच असून असं का करतो? मला वाटतं, छापायचं म्हटलं की आपल्याकडे अजून लाज वाटते. विनोदी पात्राला आणि गुंडाला बोली चालते, नायिकेला नाही. नाटकापासून हेच चाललंय.

आरएलचं सांगते. शेतजमीन अकृषक न करताच कागदावर प्लॉट पाडून विकायची इथे जुनी रीत. मग २००१ चा गुंठेवारीचा कायदा आला, पैसे भरून ते प्लॉट नियमित करून मिळायला लागले. ते नियमितीकरणाचं पत्र म्हणजे आरएल. पाचशे बहात्तर आणि एकोणीसशे ही अशाच ले-आउटांच्या याद्यांची नावं पडलीत. आरएल नाही तर नकाशा मंजूर नाही, बँकेचं कर्ज नाही. मयत खोटी आरएल दाखवून प्लॉट विकत होता. नागपूरच्या माणसाला "आरएल खोटी निघाली" एवढं वाक्य वाचून पोटात गोळा येतो. म्हणून ते समजावलं नसेल. पण अर्धं वाक्य टाकायला हवं होतं, हे खरं.

तर्री_जास्त

तुकाराम महाराजाच्या अभंगाले टिपा लागतेत, आपल्या कादंबरीले काहून लागू नये. पण हे बोलीचं ताईनं बरोबर पकडलं. माह्या ध्यानातच नोतं आलं.

डागा_लेआउट

पुराच्या प्रकरणाबद्दल. त्या पहाटे मी तिथे होतो, पाणी आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत आलं होतं. लेखकाने बारीकसारीक बरोबर लिहिलंय. आधी वीज जाते. मग गाड्यांचे अलार्म एकामागून एक वाजायला लागतात आणि एकेक करून बंद पडतात. फ्रीज आडवा होऊन तरंगतो, आतलं दूध पाण्यात पांढरं पसरतं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बायकोने ते पान वाचलंच नाही.

पण एक गोष्ट सुटली, आणि ती कशी सुटली हे मला कळत नाही. त्या रात्री घरोघरी महालक्ष्म्या (गौरी) बसलेल्या होत्या. २२ ला पूजन, २३ ला विसर्जन. आमच्या शेजारी आंबिलीचं पातेलं, सोळा भाज्या, फुलोरा, सगळं मांडलेलं होतं. पाणी शिरलं तेव्हा त्या घरातल्या काकूंनी दागिने नाही, मुखवटे आधी उचलून माळ्यावर ठेवले. कादंबरीत तारीख आहे, पाऊस आहे, गणपतीचा मांडवही आहे, महालक्ष्म्या नाहीत. आमच्या भागातला कोणीही एक माणूस विचारला असता तर त्याने पहिलं हेच सांगितलं असतं.

इतवारीची_लेक

मुखवट्यांचं वाचून थांबलेच. हे एवढं कादंबरीत असतं तर.

नवखा_वाचक

मला पुस्तक अजिबात आवडलं नाही. खुनी कोण ते शेवटी सांगतात पण कसं कळलं तेच सांगत नाहीत. पान १९२ संपतं आणि थेट २०९ वर बाई आरोपीच्या दारात उभ्या. असा शेवट करायचा असेल तर रहस्य कशाला? शिवाय एक अख्खं प्रकरण दोनदा छापलंय. मला वाटलं काही तरी आधुनिक प्रयोग असेल.

फर्मा_१६

नवखा_वाचक, जरा प्रत उघडा. दोनदा आलेली पानं १७७ ते १९२ आहेत का?

नवखा_वाचक

हो! तुम्हाला कसं कळलं?

फर्मा_१६

छपाईत केस पांढरे झाले. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. २८८ पानं, अठरा फर्मे. १७७ ते १९२ हा बारावा, १९३ ते २०८ तेरावा. बाइंडिंगला फर्मे एकावर एक लावताना बारावा दोनदा उचलला गेला आणि तेरावा राहिला. तुमच्या प्रतीतून उकलच गेली. यावरून आणखी एक कळतं : ही मागणीनुसार एकेक प्रत काढणारी डिजिटल छपाई नव्हे, ऑफसेटवर आवृत्ती काढलीय. म्हणजे माणसाने घरात गठ्ठे रचलेत आणि पैसे अडकवलेत. प्रत बदलून मागा, देईल.

इथून पुढे रहस्यभेद. न वाचलेल्यांनी थांबावं.

फर्मा_१६

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी या धाग्यावर आलो. तेराव्या फर्म्यातली उकल अशी : फायली पाण्यात गेल्या, उरला बडग्याच्या गळ्यातल्या पाटीचा फोटो. रंगारी पाट्या रंगवतात त्या हिंदी वळणाच्या ल आणि श ने. या पाटीवर मात्र पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, जुन्या मराठी शाळेतल्या फळ्यावरचा. त्यावरून बाई पोचतात निवृत्त मास्तरांपर्यंत, ज्यांनी फंडाचे पैसे त्या प्लॉटमध्ये घातले होते. सुंदर कल्पना आहे. अस्सल मराठी धागा, दुसऱ्या भाषेत सुचणारच नाही.

आणि पुस्तकात काय छापलंय? "पाटीवरचा ल असा नव्हता, असा होता." दोन्ही ल एकसारखे! कारण अख्खं पुस्तक ज्या फॉन्टात लावलंय त्यात मराठी वळणाचे ल-श आलेलेच नाहीत. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरलेले आहेत, पण संगणकावर बरेच फॉन्ट आपसूक हिंदी वळण दाखवतात. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडली की बदलतात, काहींत नाहीच. अक्षरजुळणी करणाऱ्याने लक्ष दिलं नाही. बरं, त्यात मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीतून युनिकोडात आणलेला दिसतो, म्हणून ठिकठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलाय. तुम्ही सगळे ज्याला शुद्धलेखन म्हणताय त्यातलं अर्धं लेखकाचं नाहीच.

रामदासपेठ_रिटायर्ड

हे मात्र विलक्षण आहे. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि माझा चष्मा बदलायला झाला असं समजलो.

काळा_कोट

म्हणजे पुरावाच नष्ट. आणि आरोपी मास्तर नव्हे, कंपोझिटर.

लग्नानंतर_नागपूर

मला आता लेखकाचं वाईट वाटायला लागलं. वर्षभर एका अक्षराच्या वळणावर कादंबरी उभी करायची आणि छापून आल्यावर ते वळणच नाही. त्याने प्रूफ पाहिलं नसेल का?

फर्मा_१६

पाहिलं असेल मोबाइलवर. त्याच्या फोनच्या फॉन्टात बरोबर दिसलं असेल. पीडीएफ करून कागदावर एक प्रूफ काढायला शेदोनशे रुपये लागतात, तिथे लोक वाचवतात. मुखपृष्ठाला चकचकीत लॅमिनेशन, उठावाची अक्षरं, सगळा खर्च तिथे. प्रकाशकाकडे दोन माणसं तरी पानं डोळ्याखालून घालतात. तरी सांगतो, नामवंत प्रकाशकांचीही पुस्तकं माझ्याकडे याहून वाईट अवस्थेत आली आहेत.

रामदासपेठ_रिटायर्ड

कल्पनेसाठी माझे अडीचचे तीन. बसलेल्या बाईंना पुन्हा बसवल्याबद्दल अर्धा अजून कापलेलाच आहे.

डागा_लेआउट

मला मास्तर खुनी पटला नाही हो. फंडाचे पैसे बुडालेले बरेच ओळखीचे आहेत. ते अर्ज करतात, रांगेत उभे राहतात, बीपीच्या गोळ्या घेतात. प्रेत ठेल्यावर चढवत नाहीत. ठेलेवाल्याने मदत केली म्हणावं, तर का केली याला एकच ओळ आहे, "मास्तरांनी त्याला शिकवलं होतं." एवढ्यावर कोणी फाशीच्या गुन्ह्यात हात घालतो?

तर्री_जास्त

घालते भाऊ. तुमाले असा मास्तर भेटला नसन.

बडग्यावाला

ठेलेवाला सामील होता म्हणजे उतरवतानाही तोच असणार. मग वजनाचं माझं म्हणणं थोडं ढिलं पडतं. तरी वास राहतोच.

धरमपेठकर

लेखकापर्यंत हा धागा पोचला आहे असं एकाने कळवलं. दुसऱ्या आवृत्तीत ल-श दुरुस्त करणार, एसपी काढणार, चांदणं काढणार म्हणे. बोलीबद्दल काही म्हणाला नाही. इतिहासाची चार पानं ठेवणारच, ती त्याला फार आवडतात.

इतवारीची_लेक

महालक्ष्म्या घालायला सांगा.

नवखा_वाचक

दुसरी आवृत्ती येईल तेव्हा येईल. मला आत्ता १९३ ते २०८ ची झेरॉक्स कोणी देईल का? धंतोलीत असतो, कुठेही येतो. खुनी तर तुम्ही सांगूनच टाकलात, निदान पाटीचा फोटो कोणी कुठून शोधला ते तरी वाचू द्या.

डॉ_फावल्या_वेळात

मेडिकल चौकात या, संध्याकाळी सहानंतर. माझी प्रत घेऊन जा, पण परत करा. शवागाराच्या प्रकरणावर पेन्सिलीने खुणा आहेत, त्या पुसू नका.